कानठळी

बामणोलीहून लाँचनं दीड तास,
मग चिखल वाळून भेगाळलाय तिथं उतरायचं
आणि वर, कारवीतून, आणखी दोन.
जानू ढेबे पुढं, खांद्यावर कोयता.
माझ्या पिशवीत वडिलांचं रजिस्टर:
पाटबंधारे खातं, तक्ता क्रमांक सात,
तारीख, वेळ, पट्टीवरची उंची, क्युसेक, शेरा.

तेरा वर्षं ते इथं पाणी मोजायला येत होते.
घरी परतले की दोन दिवस मोठ्यानं बोलायचे.
आई म्हणायची, हळू, आम्ही बहिरे नाही.

धबधब्याचं नाव कानठळी.
इथं माणसाचा शब्द माणसापर्यंत पोचत नसे,
म्हणून या अंगाच्या चार वाड्यांनी
हाताची एक बोली करून ठेवलेली.
मूठ उघडून बोटं खाली सोडली, पाणी वाढलंय.
मनगट वळवलं, साप.
दोन बोटं कपाळाला, म्हैस सापडेना.
आणि तळवा छातीवर ठेवून मग पुढं केला तर
(हे वडिलांनी मला शिकवलं होतं,
स्वयंपाकघरात, मिक्सर चालू असताना)
मी इथंच आहे, तू ये सावकाश.

पोचलो.
कडा होता. काळा, आणि मधोमध फिकट पट्टा,
भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर उरतो तसा.
वरच्या बांधातून सहा इंची पाइप काढलाय,
नियमाप्रमाणे ओढ्याच्या वाट्याचं पाणी.
ते निम्म्यावर येईतो वाऱ्यानं विस्कटतं,
खडकापर्यंत पोचते फक्त ओल.
उजवीकडं झाडीतून जाड निळा नळ
खालच्या पॉवरहाउसकडं उतरत गेलेला.
त्याला कान लावला.
आत होती ती, अख्खी,
दार लावून बोलणाऱ्या माणसांसारखी.

जानूचा मोबाइल वाजला. इथं.
सून विचारत होती, भाकरी किती टाकू.
पलीकडची चूलसुद्धा मला ऐकू आली.

मला वाटलं, तो हळहळेल.
तो म्हणाला, "वंगाळ झालं म्हनू का बरं झालं, आक्का?
माझा भाऊ हितंच गेला.
पानी वाढलंय म्हनून आमी हातानं सांगत हुतो.
त्यो पाठमोरा हुता."

मग उठून पलीकडच्या दगडावर गेला,
वीस पावलं, साधी हाक पोचली असती,
आणि तिथून त्यानं मनगट वळवलं.
मी पाय मागं घेतला.
फुरसं होतं, पाचोळ्यात, बुटापासून हातभर.

नंतर रजिस्टर उघडलं.
पानोपानी आकडे, वडिलांचं टपोरं अक्षर,
आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला: निरंक.
याच आकड्यांवर प्रकल्पाचा अहवाल उभा राहिला,
हे ते कधी बोलले नाहीत,
हळूही नाही, मोठ्यानंही नाही.
शेवटच्या फेरीच्या ओळीत मात्र क्युसेकची जागा कोरी.
शेरा: मोजमाप घेतले नाही. बसून होतो.

त्याखाली मी आजची तारीख घातली.
गंजलेली पट्टी अजून उभी आहे,
पाणी तिच्या शून्याच्याही खाली.
शेऱ्यात काय लिहावं कळेना.
पेनाचं टोपण हातातून सुटलं, डोहात पडलं,
आणि पडल्याचा आवाज आला.

साडेचारची लाँच शेवटची.
तिचं डिझेल इंजिन असं कडाडतं
की शेजारी बसलेल्या बाईला गाव विचारता येत नाही.
जानू काठावरच थांबलेला,
गमछाएवढा, मग बोटाएवढा.
त्यानं तळवा छातीवर ठेवला,
मग पुढं केला.

मी पिशवी खाली ठेवून हात मोकळा करेपर्यंत
चाकावरचा पोरगा, जेमतेम विशीतला,
मागं वळला
आणि माझ्याआधी त्यानं उत्तर दिलं.