दीड इंच

गाडीखाली निजल्याशिवाय गाडी कळत नाही,
असं गौस मिस्त्रीचं म्हणणं.
म्हणून मी निजलोय उदगीरला, देगलूर रोडच्या शेडात,
युरियाच्या फाटक्या पोत्यावर,
आणि नाकाच्या वर वीतभर
मागच्या एक्सलचा भोपळा,
खालून घासून घासून चांदीचा झालेला.

धामणवाडीच्या वाटेची ही करणी.
दोन चाकोऱ्या गुडघाभर, मधे वरंबा.
काळी माती वाळली की वरंब्याचा दगड होतो.
पहाटे साडेचारला अकरा कॅन दूध घेऊन
मी त्यावरून पोट घाशीत निघतो,
तो आवाज दिवसभर दाढेत राहतो,
बडीशेपेच्या काडीसारखा.

"कित्ता उठाना?" गौस विचारतो.
लोखंडी ठोकळे आहेत, पाट्याखाली सारायचे. स्वस्तात काम.
पण लोड घेऊन चढाला लागलास
तर एक्सल पिळून निघंल, म्हणतो.
लांब शॅकल? "वो नक्को.
पिछे से उठती, आगे से शरमाती."
आणि वर फळीवर, पुण्याहून आलेलं खोकं:
तीन इंचाचा किट. पिवळे शॉकप, जांभळे बुश,
यू-बोल्ट तर असे की गळ्यात घालावेत.
खोक्यावरच्या चित्रात गाडी वाळूच्या टेकडीवर उभी,
हौद्यात कुणी नाही.
एक कॅनसुद्धा नाही.

मला ते खोकं आवडलं, खोटं कशाला बोलू.
साडूची गाडी अशीच उंच आहे, मुरूडला.
रसवंतीपुढं थांबली की पोरं
टायरला हात लावून जातात.

"पिछे क्या बैठता?"
दूध, म्हनलो. कधी पेंडीची पोती.
"और?"
और दूध उतरलं की साडेसातला
गवळणबाईची टोळी, खुरपायला. चौदा बाया.
"फाळका कित्ता उंचा?"

सात वर्षं रोज पाडतोय फाळका,
कधी मोजला नव्हता.
त्यानं टेप सोडला. तेहतीस.

मग एकेक आठवायला लागलं, तिथंच, निजल्या निजल्या.
गवळणबाई आधी टायरवर पाय देते,
दोरीचा आकडा धरते, दोनदा झोका घेते,
तिसऱ्यांदा वर.
उजवा गुडघा वाकत नाही तिचा.
शेषाबाईला खालून दोघी रेटतात
आणि सगळ्यात मोठ्यानं शेषाबाईच हसते.
मी आरशात बघतो. मोबाइलात टाइम बघतो.
हॉर्न मारतो.

तेहतीस आणि तीन छत्तीस.
एवढं गणित मलाही येतं.

चहा आला. गौसनं बशीत ओतला,
फुंकर घालत म्हणाला,
तीन इंचाला प्रोपेलर थरथरतो,
तुझ्या दुधाचं लोणी इथं येईपर्यंतच होईल.
बायांचं तो काही बोलला नाही.
मीही नाही.

शेवटी खोकं फळीवरच राहिलं.
जुन्याच कमानीत एक पाटा जादा टाकला,
तिसरा मोडलेला होता तो बदलला.
दीड इंच.
मोडका पाटा भंगारात जाणार होता,
गौसनं तो कापून मागं खाली वेल्ड मारला, पायरी म्हणून.
मूळची कमान आहे त्याला,
टाच बरोबर खळग्यात बसते.
मी चारदा चढून बघितलं,
शेजारचा पंक्चरवाला हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी वरंबा सुटला.
म्हणजे बहुतेक सुटला,
खंडू पाटलाच्या विहिरीपाशी अजून एकदा घासतं.
रिकामी गाडी मात्र आता बकरीसारखी उडते,
त्याला इलाज नाही.

साडेसातला फाळका पाडला.
शेषाबाई पायरीवरून चढली,
अन् तिला रेटणाऱ्या दोघी
हात तसेच पुढं धरून उभ्या.
गवळणबाईनं पायरीकडं बघितलं.
"केवढ्याला पडली?"
तीनशे, म्हनलो.
"लई घेतला,"
म्हणाली,
आणि टायरवरच पाय दिला.