चाळीस ग्रॅम

तेव्हा तुला दूध ओढता यायचं नाही.
जीभ मध्ये यायची, ओठ सुटायचे.
वाटी-चमच्यानं पाऊण तास,
त्यातलं अर्धं माझ्या खांद्यावरच्या फडक्याला.
परळच्या ओपीडीत काट्यावरचा लाल आकडा
थरथरून स्थिर होईतो
मी श्वास घ्यायचे नाही.
चाळीस ग्रॅमसाठी, दुर्वा,
मी देव पाण्यात ठेवलेत.

आता त्याच ओपीडीत
तू चपला काढून शहाण्यासारखी काट्यावर चढतेस
आणि मी आकड्याला म्हणते, थांब रे बाबा.
डॉक्टरीणबाईंकडे तुझ्यासारख्या मुलांचा वेगळा तक्ता आहे.
त्यावरही तुझी रेघ
आमच्या बिनलिफ्टच्या जिन्यासारखी वरच चाललीय.

चारकोपात सगळ्यांची तुझ्यावर माया.
भानुशालीकडे सुट्ट्या पैशांऐवजी टॉफी,
डिमेलो आंटीचा नानकटाईचा डबा,
आजोबांच्या खिशात ग्लुकोजची बिस्किटं, गुपचूप.
"बिचारी! खाऊ दे की गं."
या एका शब्दात किती साखर असते
ते कुठल्या पुड्यावर छापत नाहीत.

मग मी वाईट झाले.
दारावर कागद चिकटवला :
दुर्वाला हाक मारा, टाळी द्या, खाऊ देऊ नका.
आंटी महिनाभर बोलल्या नाहीत.

सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी.
नाचणीची आंबील. गुरगुट्या भात, त्यात दुधी लपवून.
मटार तू एकेक बाहेर काढतेस,
ताटाच्या कडेला मांडून मोजतेस :
एक, दोन, चार.
संध्याकाळी चार मजले, दोनदा.
तिसऱ्यावर तू फतकल मारतेस.
खरं सांगू? मला बरंच वाटतं,
माझेही गुडघे वाजतात.

काल खालच्या पाटकरांकडे बारसं.
बासुंदीची दुसरी वाटी तुझ्यापुढे आली.
मी तोंड उघडलं, तेवढ्यात
तू वाटीवर हात आडवा धरलास, पंजा पसरून,
स्पीचच्या ताईंनी आठ महिने शिकवला तसा,
आणि म्हणालीस, "पुले."

सगळे हसले. मी नाही.
मी ती वाटी उचलून जिन्यात गेले
आणि उभ्या उभ्या संपवली,
बोटानं तळ निपटून.

वर बघते तर तू कठड्याशी.
दोन पायऱ्या उतरलीस, एकेक पाय टेकवत,
माझ्या वाटीवर
हात आडवा धरलास.