अर्ध्या सुताची फट

आयोवातला हिवाळा. सकाळी सात ते साडेतीन
मी दारं तपासते.
आत पेलाभर पाणी, दार बंद, बटण,
आणि पांढऱ्या फोमचं टोक कडेकडेनं फिरवायचं,
झोपलेल्या बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तसं.
काटा चढला तर लाल चिठ्ठी.
नाही तर माझी सही: रागना.

शेजारच्या खोलीत एक लोखंडी हात
एकच दार उघडतो, लावतो, उघडतो, लावतो,
लाखभर वेळा.
एका घराचं अख्खं आयुष्य काही दिवसांत.

बाबांनी या भागातली निम्मी दारं बसवली:
चर्चचं, बँकेचं, दवाखान्याचं.
आता त्यांच्या छातीत कातडीखाली
काडेपेटीएवढं यंत्र आहे, ठोके मोजून देणारं.
हमरस्त्यावरच्या हॉटेलात पाटी लागली,
'पेसमेकर असल्यास सावधान, आत मायक्रोवेव्ह चालू आहे.'
बाबा पाटी वाचतात,
टोपी नीट करतात आणि मागे फिरतात.
माझ्याही स्वयंपाकघरात येत नाहीत.
मागच्या पडवीत, कोट घालून, गार बटाटे.

एकदा मी मीटर घरी आणलं, डब्याच्या पिशवीत लपवून.
"बघा, काटा हललासुद्धा नाही."
त्यांनी काट्याकडे पाहिलं,
मग माझ्या बिल्ल्यावरच्या कंपनीच्या नावाकडे.
"या काट्याला पगार कोण देतं?"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी
ते आपणहून आत आले.
आधी प्लग काढला. चष्मा चढवला.
अंगठ्याचं नख फटीवरून फिरवत नेलं,
मी फोम फिरवते त्याच वाटेनं,
पण माझ्यापेक्षा सावकाश.
बिजागरीपाशी थांबले. मागे आले. पुन्हा गेले.
"अर्धं सूत. धाकटा लोंबकळतो ना याला?"

लोंबकळतो.
आणि त्या दिवशी बिजागरीच्या बाजूला
टोस्टर होता. तो सरकवायचा
मी कंटाळा केला होता.

सोमवारी पुन्हा मीटर आणलं.
बाबा पडवीत जाईपर्यंत थांबले,
टोस्टर सरकवला, पेला ठेवला.
काटा चढला.
फार नाही. नियमात बसला असता.

लाल चिठ्ठी लिहिली,
स्वतःच्याच ओव्हनवर चिकटवली, खाली सही केली.
मग ताट घेऊन बाहेर गेले.
बाबांनी बाकावर जागा करून दिली,
काही विचारलं नाही.
बटाटे गार होते. मीठ कमी होतं.