वाया

तळघरातल्या रक्तपेढीला खिडकी नाही.
बाल्टिमोरमध्ये काय चाललंय ते मला फ्रीजवरून कळतं.
ओ निगेटिव्हचा कप्पा पहाटे रिकामा असला
तर रात्री कुठल्यातरी कोपऱ्यावर मुलं समोरासमोर आलेली असतात.

नळीतून सुस्कारत नमुना येतो.
नाव नसतं त्याला अजून, नुसता नंबर.
हाताला कोमट लागतो.
मी गट तपासते, पिशव्या पाठवते
आणि दुसऱ्या फोनची वाट बघते.
इथलं थांबलं की तिकडचं सुरू होतं,
अकरा वर्षं मला एवढंच माहीत होतं.

टेव्हॉन ग्रीअर भेटला व्हेंडिंग मशीनपाशी.
मशीननं त्याचा डॉलर गिळला होता.
मानेवर जुना व्रण,
गोधडीला घालावेत तसे ओबडधोबड टाके.
वर काय करतोस, विचारलं.
"बसतो," म्हणाला.

नंतर पाहिलं मी ते बसणं.
मार्केलचे दोन भाऊ आणि एक चुलतभाऊ,
गुडघे हलतायत, फोन उजळतायत,
कुणी नाव पाठवलंय, कुणी पत्ता.
त्यांच्या आणि दाराच्या मध्ये खुर्ची ओढून
टेव्हॉन बास्केटबॉलबद्दल बोलतोय.
मग तळलेल्या कोंबडीबद्दल. मग त्यांच्या आईबद्दल.
मग अर्धा तास कशाबद्दलच नाही.
पोलीस नाही तो, पाद्री नाही.
बावीस वर्षांपूर्वी त्यालाही कुणी असाच पत्ता दिला होता
आणि तो गेला होता.
त्या रात्री मध्ये खुर्ची टाकून कुणी बसलं नव्हतं.

पहाटे चारला सगळ्यात धाकटा म्हणाला, भूक लागली.
"भूक लागली म्हणाले," टेव्हॉन मला सांगत होता,
"की समजायचं, आजची रात्र टळली."
उद्याचं तो बोलला नाही.

आमच्या मिरजेकडे बांधावरून डोकी फुटायची.
वीतभर जमीन.
आजोबांच्या चुलत्यानं कुऱ्हाड उचलली तेव्हा
त्याची बहीण उंबऱ्यावर आडवी झोपली,
म्हणाली, ओलांडून जा.
तो गेला नाही.
गोष्ट एवढीच. घरात कुणी सांगतही नाही ती.
न झालेल्या खुनात सांगण्यासारखं काय असतं?

टेव्हॉनला दरवर्षी अनुदानाचा अर्ज भरावा लागतो:
किती गोळीबार रोखले, तारखेसह.
पेनाचं टोपण चावत बसतो तो.
जे घडलं नाही त्याला तारीख कुठली,
साक्षीदार कुठला.

आमच्या वहीत मात्र एक रकाना आहे.
प्लाझ्मा आम्ही वितळवून तयार ठेवतो,
रात्रीबेरात्री लागेल म्हणून,
हळदीच्या पाण्याच्या रंगाचा.
पाच दिवसांत लागला नाही तर फेकायचा
आणि पुढे लिहायचं: वाया.
मिस लॉरेटा भुवई उचलतात. बरोबरच आहे,
कुणीतरी दंड पुढे करून दिलेला असतो तो.
आणि मी तर पानात पडलेलं सगळं संपवायला शिकलेली,
कारल्यासकट.

या ऑगस्टमध्ये चार पिशव्या वाया गेल्या.
त्याला सांगून टाकलं, मग वाटलं, उगाच बोलले.
त्यानं आकडा तळहातावर लिहून घेतला.
"अर्जात घालू?"
"असं सिद्ध होत नाही रे काही."
"माहितेय," म्हणाला
आणि मूठ मिटून जिना चढला.

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार.
नमुना आला, कोमट, बिननावाचा.
दहा पिशव्या गेल्या, मग आणखी सहा.
चार पिशव्यांचं काय झालं ते विचारायला कुणी नव्हतं.
नियमात बसत नाही, तरी मी वर फोन लावला:
बाहेर नातेवाईक आहेत?
"आहेत. तिघं. खूप तापलेत."
आणि?
पलीकडे, फरशीवर,
कुणीतरी खुर्ची ओढत होतं.

मी दोन पिशव्या वितळायला टाकल्या.
त्यांच्यावर रविवारची तारीख घातली.