माळ

फॉर्मच्या सातव्या पानावर रकाना आहे :
‘प्रकल्पक्षेत्रातील लक्ष्य-प्रजातीची सद्यसंख्या’.
मी 0 टाकते.
संगणक ते घेत नाही.
लाल अक्षरांत म्हणतो, कृपया योग्य संख्या भरा.

दौलतगंजातली दुकानं मिटलीत.
खाली कचोरीवाल्याची कढई घासल्याचा आवाज,
वर आमची संस्था : एक खोली, दोन कपाटं,
पाच माणसं, त्यातली तीन बिनपगारी.
मुदत रात्री बारापर्यंत.

घाटीगावच्या अंगाला चारशे बिघे.
वनखातं त्याला ‘निकृष्ट भूमी’ म्हणतं,
हरबिलास गुर्जर बीड म्हणतो,
खदानवाला काहीच म्हणत नाही, रात्री ट्रक आणतो.
मी माळ म्हणते.
आईच्या माहेरचा शब्द, इथे कुणाला कळत नाही,
पण माळढोक लिहायचा तर आधी माळ लिहावा लागतो.
हरबिलासची ती सोनचिरैया.
शेवटची पाहिली तेव्हा त्याच्या थोरलीचं लग्न व्हायचं होतं.
आता थोरलीची मुलगी बी.ए.ला आहे.

अंदाजपत्रक मला जमतं.
विलायती कीकर मुळासकट काढणे, दर हेक्टरी.
पवन्याचं बी, शेड्याचं बी, किलोप्रमाणे.
गुराख्यांची मजुरी. कुत्र्यांची नसबंदी.
आकस्मिक खर्च तीन टक्के.
वाट बघणे कुठल्या शीर्षात टाकू?

गेल्या खेपेला पैसे आले सोळा मार्चला.
एकतीसपर्यंत खर्च करा, विनियोग प्रमाणपत्र पाठवा.
हरबिलासला फोनवर सांगितलं
तर तो बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला,
‘जिज्जी, घास को चिट्ठी लिख दो.’
आम्ही फावडी घेतली, फलक रंगवला,
उरलेले परत केले, व्याजासकट.
आषाढात गवत आपलं आपण आलं,
थोडं. फलकाच्या सावलीत जरा जास्त.
ऑडिटरला फलक आवडला.

किल्ल्यावर चढताना एक इवलंसं देऊळ लागतं,
एकाच खडकात कोरलेलं.
शाळेच्या सहलीत बाई लेखावर बोट ठेवून म्हणायच्या,
हे बघा, शून्य. अकराशे वर्षांपूर्वीचं.
आम्ही शून्य बघायचो आणि डबा उघडायचो.
लेख काय म्हणतो ते फार पुढे वाचलं :
तेही अनुदानच.
फुलबागेसाठी जमीन,
दोनशे सत्तर हात बाय एकशे सत्त्याऐंशी.
निष्पत्ती : देवाला रोज पन्नास माळा.
सत्तरातलं शून्य, पन्नासातलं शून्य
बाकीच्या अंकांहून बारीक,
दगड मऊ आहे का, हे कुणी
टोचून बघितल्यासारखं.
बाग गेली. हिशेब राहिला.
मुदत घातलेली मला तरी कुठे दिसली नाही.

अकरा चाळीसला त्याचाच फोन.
भर गया?
म्हटलं, यंत्र शून्य घेत नाही. एक लिहू?
एवढंसं खोटं, तेही तिच्याच भल्यासाठी.
तो गप्प. मागे ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाज,
बाकी सगळी रात्र.
‘नहीं जिज्जी. खाली छोड़ दो.
जगह उसी की है.’

रिकामं सोडलं तरी फॉर्म पुढे सरकत नाही.
मग अक्षरांत लिहिते : शून्य.
यंत्र निमूट घेतं.
पुढचं पान उघडतं :
अपेक्षित निष्पत्ती, तीन वर्षांत. एकक लिहा. संख्या लिहा.

खाली कढई पालथी पडते.
एकक : माळ.
संख्या : एक.