मुनीमच्या नावावर

पूर्णेच्या काठचं आमचं गाव. जमीन काळी, पाणी खारं.
विहिरीत डोकावलं तर आभाळ दिसतं,
ओंजळ तोंडाशी नेली की जीभ मागं सरते.
डाळ शिजत नाही. साबणाला फेस नाही.
नवी सून पहिल्या आठवड्यात चहा दोनदा ओतून देते,
तिसऱ्यांदा पिते.

मी पाण्याच्या प्लांटवर असतो.
सात रुपयांत वीस लिटर.
सकाळी सहापासून कॅनांची रांग,
निळे, पिवळे, एक बिनझाकणाचा, पुंडकर काकूंचा.
मशीन घरघरतं, खारं पाणी आत ओढतं,
निम्मं गोड करून नळाला देतं
आणि त्याचं मीठ उरलेल्या निम्म्यावर लादून
मागच्या पाइपानं नालीत सोडतं.

त्या नालीपाशी, निंबाच्या सावलीत, माझा कुत्रा.
तांबडा, एक कान फाटका.
कोणी कॅन उचलला की मान वर करतो, मोजल्यासारखी;
म्हणून मुनीम.
तहान लागली की नुसतं वळायचं, नालीत तोंड घालायचं.
गार होतं ते पाणी, वाहतं होतं.
मला वाटे, चैन आहे लेकाची.

मे महिन्यात पत्र्यावर कावळा टेकेना,
तेव्हा मुनीमनं भाकर सोडली.
पितो, ओकतो, पुन्हा पितो.
"ऊन लागलं असन," लोक म्हणाले, "कांदा बांध गळ्यात."
बांधला.
तिसऱ्या दिवशी ढोरांच्या लसीकरणाला खंडारे मॅडम आल्या.
हिरडीवर बोट ठेवलं: चिकट.
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती खाली बसलीच नाही,
वाळत घातलेल्या पोत्यासारखी घडी धरून राहिली.
"पाणी कुठलं पितो हा?"

मी नालीकडे बोट दाखवलं.
दाखवतानाच कळलं.

निंबाच्या फांदीला सलाईन टांगली.
तेही मिठाचंच पाणी,
पण मोजलेलं.

खिशात मीटर होतं, पेनासारखं.
रोज नळाखाली धरतो, आकडा वहीत लिहितो.
त्या दिवशी पहिल्यांदा नालीत बुडवलं.
नळाला पासष्ट. विहिरीला दोन हजार.
नालीचा आकडा चढत गेला, चढत गेला,
चार हजारांच्या पल्याड थांबला.
पाच वर्षं मीटर माझ्या खिशात
आणि मी फक्त विकायचं पाणी मोजत होतो.

कुंभाराकडून परळ आणलं.
स्टील उन्हात पोळतं.
फवारणीचा डबा अर्धा कापून कुत्र्यापुढं ठेवतात आमच्याकडे,
तसला एक शेजारच्या अंगणातून उचलून पुरला,
त्यावरून भांडणही झालं.
परळात गोड पाणी ओतलं, काठोकाठ.
मुनीमनं हुंगलं. माझ्याकडे पाहिलं.
आणि नालीकडे निघाला.

खाऱ्याचीही चव लागते.
मी तरी काय, अमरावतीला बहिणीकडे गेलो
तर तिथला चहा मला पांचट वाटतो.

नालीवर फरशी टाकली.
लेक म्हणाली, "बाबा, त्याले एकदम नोको देऊ.
अर्धं विहिरीचं टाक, अर्धं नळाचं.
मंग विहिरीचं कमी करत जाय."
कांचन नववीत आहे. गडवा तिच्या हातात दिला.
अकरा दिवस लागले.

महिनाअखेरीस समिती आली वही तपासायला.
अध्यक्षांचं बोट एका ओळीवर अडलं.
"हा मुनीम कोन? रोज दोन लिटर. पैसे जमा नाही."
"उधारीवर हाय."
"देईन कवा?"
मी बाहेर पाहिलं. तेही उठून बाहेर आले.
परळात निंबाचं पान पडलं होतं.
वाकून दोन बोटांनी काढलं, झटकलं,
आणि काही न बोलता सही केली.

आता रोज सकाळी नळाखाली मीटर धरायच्या आधी
मुनीमची मान चिमटीत धरतो, सोडतो.
बसली.
मग मोटरचं बटन.