लाल म्हणजे चढलेला

आमच्याकडे चढलेला भाव लाल असतो
आणि पडलेला निळा.
आधीच सांगून ठेवतो,
पुढे लाल आलं की कुणी हळहळू नये.

मी प्यो मान-हो. मोक्पोच्या बंदरामागे
तेवीस वर्षं लाँड्री चालवतो.
नऊला माझा बॉयलर तापतो, नऊलाच बाजार उघडतो.
एका हातात इस्त्री, एका हातात फोन.
मासळीबाजारातल्या हिशेबनिसाच्या दोन कॉलरी
त्या वर्षी जळाल्या. भरून दिल्या.

सोलचे दलाल आम्हा किरकोळ लोकांना मुंग्या म्हणतात.
म्हणोत. मुंगीला साखर दिसत नाही, वास येतो.
मला वास आला नव्या खांबांचा:
शाळेच्या गच्चीवर, बर्फाच्या कारखान्यावर
रातोरात उगवलेल्या करड्या पेट्या.
शिडीवरच्या पोराला विचारलं, यात असतं काय?
म्हणाला, गाळणी, काका.
हवेत सगळ्यांचं बोलणं कालवलेलं असतं,
आपलं तेवढं गाळून घ्यायचं.
बनवतं कोण?
आन्सानची मुलग्योल.
मुलग्योल म्हणजे पाण्यावरचा तरंग.
घरी आलो आणि मुदत ठेव मोडली.

सुन-ए म्हणाली, गाळणीत पैसे ओतलेस ना,
आता खाली भांडं धर.

मग निळं.
आठवडाभर निळं, पावसाळाभर निळं.
नव्या नेटवर्कला रेंज नाही, गिऱ्हाईक नाही,
तज्ज्ञ टायची गाठ सैल करून सांगत होते
की जुनं जाळं बंद होईल तेव्हाच नव्याला वाट मिळेल,
आणि जुनं बंद होत नाही, कारण
काही थोडे लोक जुने नंबर सोडायला तयार नाहीत.
हट्टी म्हातारे, मी म्हणालो,
आणि घसरत्या भावात आणखी घेतले.
बुडत्याचा पाय खोलात, हे पायाला कळत नाही.

त्या थोड्या लोकांत माझी आई होती.

बेटावर, मिठागरांच्या कडेला, एकटी.
तिचा घडीचा फोन, बटणांवरचे आकडे पुसलेले.
कंपनीच्या मुली फोन करायच्या: आजी, नवा फुकट देतो,
फक्त नंबराचे पहिले तीन आकडे बदलतील.
आई म्हणायची, त्याला तेच तीन ठाऊक आहेत.

तो म्हणजे देओक-चुल, माझा धाकटा.
मिठागराच्या वाटणीवरून माझ्याशी भांडून
दूरच्या ट्रॉलरवर गेला, त्याला सोळा वर्षं झाली.
मी बोटीने गेलो, तिची समजूत घालायला.
सोबत नवा फोन नेला, सोनेरी कव्हरवाला.
तिचं भलं सांगत होतो तास दीड तास.
तिने मुळ्याचं किमची वाढलं, विचारलं,
यात तुझा काय फायदा?
मी जेवत राहिलो.

शेवटी तारीख ठरली. रात्री बारा.
मुलग्योल दुपारीच अकरा टक्के वर,
दुकानात एक गिऱ्हाईक नव्हतं तरी मी
तीच चादर तीनदा इस्त्री केली.
बाराला दहा कमी असताना, का कोण जाणे,
आईचा जुना नंबर लावला.
पहिल्याच रिंगला उचलला.
देओक-चुल?
नाही गं. मान-हो.
हां, ती म्हणाली. मग ठेव,
लाइन अडवू नकोस.

सकाळी नऊला बाजार उघडला.
लाल.
निम्मे विकले. सुन-एने भांड्याबद्दल काही विचारलं नाही.
सोनेरी फोन आई वापरते म्हणे, विजेरी म्हणून,
रात्री मिठाच्या कोठारापर्यंत जायला.
दुसरा उशाशी, चार्जरला.
वीजबिल मी भरतो.